इंझोरीचा तिसरा अंक

जुन्या कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह उघडल्यावर आत पालीची अंडी निघाली, की मला बरं वाटतं. उंदराच्या लेंड्या निघाल्या, की मी कपाळाला हात लावते. पाल बिचारी उबेला येते, अंडी घालते आणि आपल्या वाटेनं निघून जाते. उंदीर मात्र वायर कुरतडल्याशिवाय घर सोडत नाही. इतकी वर्षं या धंद्यात राहून मी माणसांबद्दल किती शिकले ते माहीत नाही, पण पालीबद्दल आणि उंदराबद्दल कुणी मला खुशाल विचारावं.

वाशीमला बसस्टँडामागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणजे आजही आहे, पण पुढचा गाळा भाड्यानं दिलाय. तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. मागच्या खोलीत माझं टेबल, सोल्डरिंगचं सामान, एक म्हातारा ऑसिलोस्कोप आणि भिंतीला लावून रचलेले फ्लॉपी ड्राइव्ह. माझे वडील जऊळक्याला रेल्वेत होते. त्यांच्या हट्टापायी मी अकोल्याला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले. वर्गात मुली फारशा नव्हत्या आणि दुकान काढल्यावर गिऱ्हाइकं आत डोकावून विचारायची, "मेकॅनिक कोठी गेला?" मी म्हणायची, "इथंच बसली आहे."

आता लोक विचारतात, फ्लॉपी घेऊन अजून कोण येतं? येतात. भरतकामाची जुनी मशीनं अजून फ्लॉपीवरूनच नक्षी घेतात. लग्नात वाजवणाऱ्या एका पार्टीचा की-बोर्ड दर सीझनला माझ्याकडे येतो, कारण त्यातल्या ड्राइव्हचा रबरी पट्टा उन्हाळ्यात विरघळून गुळाच्या पाकासारखा होतो. पुण्याचा एक हौशी गृहस्थ जुने कॉम्प्युटर जमवतो. तो कुरिअरनं ड्राइव्ह पाठवतो आणि मग रोज फोन करून मुलगी नांदायला पाठवल्यासारखी चौकशी करतो. पूर्वीची गिऱ्हाइकं तर विचारू नका. एका साहेबांनी फ्लॉपीला ओल लागू नये म्हणून तिचं लॅमिनेशन करून आणलं होतं. वर मला म्हणाले, "आता बघा, किती सेफ झाली." सेफ खरोखरच झाली होती. ती कुठल्याही मशीनमध्ये जाणारच नव्हती!

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. फ्लॉपी म्हणजे चौकोनी पाकिटात घातलेली पातळ, गोल, तपकिरी चकती. टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमधल्या फितीसारखाच तिच्यावर लेप असतो. चकती फिरते आणि ड्राइव्हचं हेड म्हणजे एक बारीकसं नाक तिच्यावर टेकून लिहितं आणि वाचतं. हे लिखाण गोल गोल रेघांमध्ये असतं. आमच्याकडच्या माणसाला समजावताना मी त्या रेघांना तास म्हणते. वावरात पेरणीचे जसे तास, म्हणजे ओळी, तसे चकतीवर हे गोल तास. हेड म्हणजे त्या तासांमधून चालणारं डवरं, म्हणजे कोळपं. डवरं तासातून ढळलं की पीक गेलं. माझा निम्मा धंदा म्हणजे ढळलेलं डवरं पुन्हा तासावर आणणं. त्याला आम्ही अलाइनमेंट म्हणतो. हे काम मला चांगलं जमतं. धंदा बसल्यावर मी चांगले ड्राइव्हसुद्धा पोत्यानं भंगारात दिले, त्याची हळहळ मात्र अजून जात नाही.

गेल्या हिवाळ्यात मालवाहू ऑटोतून एक अख्खा कॉम्प्युटर माझ्या दारात उतरला. त्याच्या मॉनिटरवर विणकामाचा रुमाल तसाच होता. सोबत इंझोरीची तीन माणसं होती. सगळ्यात पुढे देवराव गुरुजी, ऐंशीच्या घरातले, निवृत्त मास्तर, हातात छत्री. त्यांच्या मागे शेषरावभाऊ, साठीचा धिप्पाड शेतकरी. आणि पदर खोचून, जणू भांडायलाच आलेल्या शालूबाई.

त्या खरंच भांडायला आल्या होत्या.

झालं होतं असं. बऱ्याच वर्षांपूर्वी, गुरुजी नोकरीत असताना, त्यांनी इंझोरीत एक तीन अंकी विनोदी नाटक बसवलं होतं. नाव 'पाहुणा उठतच नाई'. एका रात्रीसाठी आलेला पाहुणा घरातून हलतच नाही, एवढीच गोष्ट. शेषरावभाऊ पाहुणा झाले होते. शालूबाई तेव्हा गावात नव्यानं नांदायला आलेल्या. त्या घरधनीण झाल्या. त्याआधी गावच्या नाटकात बाईचं काम पुरुषच करायचे, म्हणून त्यांचं फार नाव झालं. प्रयोग एकदाच झाला, पण गाव अजून त्याची आठवण काढून हसतं. यंदाच्या यात्रेत ते नाटक पुन्हा करायचं गावानं ठरवलं. पहिले दोन अंक शालूबाईंच्या पेटीत कागदावर नीट राहिले होते. तिसऱ्या अंकाची प्रत उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली होती.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं. "तुम्ही तिघंही तेव्हा होताच की."

तिथंच अडलं होतं. पाहुणा शेवटी घरातून जातो कसा, यावर एकमत नव्हतं.

"मालक एक खोटी तार वाचतो," गुरुजी म्हणाले. "की पाहुण्याच्या स्वतःच्या घरीच चार पाहुणे मुक्कामाला आले आहेत. मग पाहुणा घाबरून पळतो. मी लिहिलंय, मला ठाऊक आहे."

"तार-बिर काई नाई," शालूबाई म्हणाल्या. "म्या त्याची बॅग उचलून बाहीर ठेवली व्हती. मले चांगलं याद आहे."

"अहो, बॅग हा शब्दच माझ्या तिसऱ्या अंकात नाही!"

मी शेषरावभाऊंकडे पाहिलं. ते छताकडे पाहत म्हणाले, "मले एवढंच याद आहे ताई, का लोक लय हासले. मी त्या दिवशी दुसऱ्या अंकातलं जेवण खरंखुरं जेवलो व्हतो. मंग मले झोप येऊन राह्यली व्हती."

एका गोष्टीवर मात्र तिघंही ठाम होते. गुरुजींनी ते नाटक कॉम्प्युटरवर टाइप केलं होतं. मानोऱ्याच्या एका ऑफिसनं मोडीत काढलेला हा कॉम्प्युटर त्यांनी तेव्हा हौसेनं घेतला होता. तिसरा अंक एका फ्लॉपीवर होता. "फ्लॉपी जे सांगीन ते खरं," शालूबाई म्हणाल्या. गुरुजींनीही मान डोलावली. यात्रा तोंडावर आली होती आणि शेवटाशिवाय तालीम अडली होती.

मी कव्हर उघडलं. त्या मशीनला वर-खाली दोन ड्राइव्ह होते. वरचा ठीक होता, नुसती पालीची अंडी. खालच्यात लेंड्या. हेडला जाणारी केसासारखी वायर उंदरानं मुळापासून कुरतडली होती. ते हेड आता कामातून गेलं होतं.

फ्लॉपी त्याहून वाईट अवस्थेत होती. चकतीवर पांढरी बुरशी. अशी फ्लॉपी तशीच फिरवली तर हेड बुरशीसकट लेप खरवडून काढतं आणि मग काहीच उरत नाही. मी पाकिटाची कड ब्लेडनं कापली, चकती बाहेर काढली, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात लहान बाळाच्या शांपूचे थेंब टाकून ती हलक्या बोटानं धुतली आणि सावलीत वाळवली. शालूबाई पाहत होत्या. "लेकराले न्हाऊ घालता तुमी," त्या म्हणाल्या. मग मी ती नव्या पाकिटात घातली आणि माझ्या ढिगातला, काटेकोर सरळ केलेला ड्राइव्ह खालच्या जागेवर बसवला.

वाचेना. स्क्रीनवर चूक झाल्याचा संदेश, पुन्हा तोच. वरच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. तिथंही तेच. मी हात आवरला. प्रत्येक फेरीला हेड चकतीवर घासतं आणि या चकतीत फार फेऱ्यांचा जीव नव्हता. गुरुजींचा चेहरा उतरला. शालूबाईंचाही. भांडण जिंकायला आलेल्या माणसाला निकालच लागणार नाही हे कळल्यावर जसं होतं, तसं दोघांचं झालं.

मी चहा मागवला. चहा पिता पिता सहज विचारलं, "गुरुजी, ही फ्लॉपी तुम्ही वरच्या खणात कधी घालत होता का?"

"छे! वरच्या खणात फक्त मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमची. ती कंपनीकडून आलेली. आपल्या स्वतःच्या सगळ्या खालच्या खणात."

"का बरं?"

"वरच्यात त्या वाचल्याच जात नव्हत्या. आणि कंपनीची फ्लॉपी खालच्यात चालत नव्हती. मला वाटलं, तसा नियमच असतो. वरची कंपनीची, खालची घरची."

मी कप खाली ठेवला. तसा नियम जगात कुठंच नसतो. गुरुजींचा खालचा ड्राइव्ह पहिल्यापासून वाकडा होता. त्याचं हेड तासापासून थोडं बाजूला सरकलेलं होतं, आणि गुरुजी वर्षानुवर्षं त्या वाकड्या हेडानं वाकडंच लिहीत आणि वाकडंच वाचत आले होते. त्यामुळे त्यांना कधी काही अडलं नाही. अडलं ते माझ्या सरळ ड्राइव्हला.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी शेषरावभाऊंना पटलं. "म्हंजे पेरली तवा तिफणच तिरपी चालली. मंग तं डवरंबी तिरपंच हाकलाव लागीन."

"अगदी तेच," मी म्हणाले.

पण बोलणं सोपं होतं. जन्मभर मी वाकडे ड्राइव्ह सरळ केले, आता एक चांगला सरळ ड्राइव्ह हातानं वाकडा करायचा होता. कुठल्या बाजूला आणि किती, हे मूळचं हेड मेल्यामुळे कोणीच सांगू शकत नव्हतं. आणि शोधण्यासाठी तिसऱ्या अंकाची फ्लॉपी वारंवार फिरवली असती, तर ठिकाण सापडेपर्यंत ती पुसली गेली असती.

"गुरुजी, याच खणात लिहिलेली दुसरी एखादी फ्लॉपी आहे का? जिचं काही झालं तरी चालेल अशी?"

होती. टायपिंगचा सराव करायची. घरी शोधून ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले, तेव्हा पिशवीत ती होती, आणि मागोमाग तेच दोघं. मी तीही धुऊन घेतली. मग ड्राइव्हच्या मोटारीचे स्क्रू ढिले केले. ही मोटार हेडला पुढे-मागे सरकवते. तिचं अंग केसभर फिरवलं, की सगळं डवरं तासांवरून बाजूला सरकतं. ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर लाट दिसते. हेड तासाच्या मधोमध आलं की लाट उंच होते, ढळलं की बसते. मी एका बाजूला फिरवलं. लाट बसली. दुसऱ्या बाजूला, अगदी श्वास रोखून. लाट थरथरली आणि हळूहळू वर चढली. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात ती मोटार परत सरळ करायला ओढत होता. मी त्याला आवरलं आणि स्क्रू तिथंच कसले.

फाइल उघडली. काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. गुरुजींनी सरावासाठी वाक्यं लिहिली होती.

'शेषराव आज तालमीस उशिरा आला. शेषराव आजही उशिरा आला. शेषराव आज आलाच नाही.'

शेषरावभाऊ खुर्ची पुढे ओढून वाचत होते. "गुरुजी, माह्या वावरात तवा हरबरा सोंगनं चालू व्हतं."

"नाटकापेक्षा हरबरा मोठा का?"

"मंग काहून नाई?"

मी त्या दोघांना गप्प केलं आणि तिसऱ्या अंकाची फ्लॉपी खालच्या खणात घातली. ड्राइव्ह कुरकुरला, एका जागी अडखळला, पुन्हा मागे जाऊन वाचू लागला. मी टेबलाची कड धरून होते. मग पडद्यावर ओळी येऊ लागल्या. अंक तिसरा. स्थळ तेच. पाहुणा अजून खाटेवर.

खरं सांगते, टाळी मीच आधी वाजवली.

गुरुजी मोठ्यानं वाचू लागले. पाहुण्याचं बोलणं, घोरणं, पुन्हा चहा मागणं. मग मालकाचं एक लांबलचक भाषण आलं, पाहुणचार या विषयावर. ते बराच वेळ चाललं. मग तार आली, पाहुणा घाबरला, पळाला, पडदा. घरधनिणीला या अंकात काम असं नव्हतंच. 'पत्नी तांब्या घेऊन उभी आहे,' एवढंच. बॅग कुठंही नव्हती.

"पाहा!" गुरुजी म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

शालूबाई पदराशी चाळा करत बसल्या. जिंकलेल्या माणसाकडे पाहणं मला अवघड झालं, कारण हरलेली बाई खोटं बोलणारी वाटत नव्हती.

तेवढ्यात शेषरावभाऊ एकदम उभे राहिले. "थांबा गुरुजी. हे भाषन... हे भाषनच झालं नाई त्या दिवशी!"

"म्हणजे?"

"नामदेव इसरला. मालकाचं काम त्याचंच व्हतं ना. तार हातात घिऊन नुसताच उभा. तोंडातून शब्द नाई निघे. मी खाटेवर पडल्या पडल्या त्याले खुणा करून राह्यलो, थो मलेच पाहून राह्यला. समदं गाव चूप. आन् मंग या बाईनं..." त्यांनी शालूबाईंकडे बोट केलं, "तांब्या खाली ठेवला, माही बॅग उचलली आन् बाहीर नेऊन ठेवली!"

शालूबाईंनी मान वर केली. "आन् म्हनलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, बॅग जड व्हती म्हून म्या फाटकापोतर नेऊन देली. आता सोताले तेवढं तुमीच उचला."

मला हसू आवरेना. शेषरावभाऊ तर मांडीवर हात मारून हसत होते. "बस! तवाच लोक हासले! माह्यावरच हासले, पन काय हासले!"

"मले वाटे, थे वाक्य गुरुजीचंच आहे," शालूबाई म्हणाल्या. "तालमीत आयकलं असन, म्हून तोंडात आलं असन."

गुरुजी हसले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"मी पडद्यामागे नव्हतोच," ते म्हणाले. "तिसऱ्या अंकात जनरेटर आचके द्यायला लागला, म्हणून मी शाळेच्या मागे त्याच्यापाशी जाऊन उभा होतो. हशा तिथून ऐकला. केवढा हशा! मला वाटलं, तार जमली."

इतकी वर्षं हा माणूस जो हशा आपला म्हणून मनात जपून होता, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला होता, आणि तोही माझ्या टेबलावर, माझ्या ड्राइव्हमधून. एक क्षण मला वाटलं, सरळच राहू दिला असता तर बरं झालं असतं.

"घरी जाऊन मी बायकोला सांगितलं," गुरुजी पुढे म्हणाले, "शेवट काय रंगला म्हणून."

"मग त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ती पहिल्या रांगेत बसलेली होती." गुरुजी थांबले. त्यांच्या मिश्या थरथरायला लागल्या. "काही म्हणाली नाही. नुसती हसली. आज कळलं, का हसली ते!"

आणि मग ते जे हसायला लागले, ते थांबेचनात. छत्री खाली पडली. पुढच्या गाळ्यातला कव्हरवाला काय झालं म्हणून पाहायला आला.

डोळे पुसून गुरुजींनी खुर्ची की-बोर्डपाशी ओढली. "ताई, या खणात अजून लिहिता येतं का?"

"येतं की. तुमच्याच वळणाचं वाकडं आहे ते."

त्यांनी मालकाचं भाषण सगळं पुसलं. तार मालकाच्या हातात राहू दिली, पण न वाचलेली. 'मालक विसरतो' असं लिहिलं. मग शालूबाईंकडे वळले. "सांगा बरं सावकाश. जसं बोलल्या तसंच पाहिजे. माझ्यासारखी शुद्ध भाषा मध्ये घालू नका."

शालूबाई सांगत गेल्या आणि गुरुजी एका बोटानं टाइप करत गेले. मध्येच त्या म्हणाल्या, "देली लिहा, दिली नोको." गुरुजींनी दिली पुसून देली लिहिलं. फ्लॉपीवर उतरवलं तेव्हा ड्राइव्ह छान सुरात वाजला. मी नंतर ते सगळं कागदावर छापून दिलं आणि दोन प्रती जास्तीच्या काढल्या, कारण उधईवर माझा विश्वास नाही.

यात्रेच्या दिवशी मी इंझोरीला गेले. नाटक संध्याकाळी शाळेच्या पटांगणात होतं. सूत्रधारानं माइकवर लेखक म्हणून दोन नावं सांगितली, देवराव गुरुजी आणि शालूबाई, तेव्हा बायकांच्या बाजूनं शिट्टी आली. शालूबाईंनी पुन्हा घरधनीणच केली. पन्नाशी ओलांडलेली घरधनीण आणि साठीचा पाहुणा, पण लोकांना त्याचं काही वाटलं नाही. नामदेव खास पुण्याहून आले होते. त्यांना आता फक्त विसरायचं होतं आणि त्याची त्यांना फार काळजी लागली होती.

मला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी गुरुजी, पलीकडे त्यांच्या पत्नी. तिसऱ्या अंकाला माइक किंचाळला, तसे गुरुजी सवयीनं उठून निघाले. पत्नीनं त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली बसवलं. "आता कोठी नाई जायचं," त्या म्हणाल्या.

नामदेव तार घेऊन उभे राहिले. पटांगण चूप झालं. शालूबाईंनी तांब्या ठेवला, बॅग उचलली, पार स्टेजच्या कडेपर्यंत नेली, हात झटकले आणि पाहुण्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचं वाक्य अर्धंच ऐकू आलं, बाकीचं हशात बुडालं. गुरुजी पुढे वाकून, गुडघ्यावर थापा मारत हसत होते.

हशा थोडा ओसरल्यावर ते पत्नीकडे झुकले. "तेव्हाही लोक इतकेच हसले होते का?"

"याच्याहून जास्त," त्या म्हणाल्या. "तवा नामदेव खराच इसरला व्हता."